काठावरचे घर

चोरखमाऱ्याला आलेला शहरी पाहुणा तलावाच्या पाळीवर उभा राहिला, की थोड्याच वेळात म्हणतो, "इथे आपले एक घर असायला हवे होते!" समोर पाणी, मागे नागझिऱ्याचे जंगल, पाण्यावर उतरलेली बदके. हिवाळ्यातली संध्याकाळ असेल तर या इच्छेला दोष देता येत नाही. पण तिरोडा तालुक्यात, किंवा एकूणच तलावांच्या या मुलखात, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांनी अगदी पाण्याला लागून, पाण्याकडे तोंड करून घर बांधलेले सहसा दिसत नाही. गाव तलावापाशी असते, काठावर नसते. असे का असावे?

हा प्रश्न मला पडायला एक छापील पत्रक कारण झाले. माझा एक जुना विद्यार्थी नागपुरात नोकरी करतो. दिवाळीत गावी आला तेव्हा एका गृहसंकुलाचे रंगीत पत्रक सोबत घेऊन आला. तलावाच्या बाजूच्या फ्लॅटना दर चौरस फुटामागे जास्त भाव होता. मागच्या बाजूच्या तेवढ्याच आकाराच्या फ्लॅटना कमी. "सर, विटा त्याच, सिमेंट तेच, लिफ्टही तीच. मग हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे?" त्याने विचारले. पाणी दिसते त्याचे, असे मी चटकन म्हणून गेलो. नंतर वाचू लागलो, तेव्हा दिसले की पाण्याच्या काठाला अशी किंमत येणे ही इतिहासात अगदी अलीकडची गोष्ट आहे, आणि ती येण्यासाठी माणसांना बरीच खटपट करावी लागली आहे.

आधी आपल्या तलावांकडे पाहू. चोरखमाऱ्याचा तलाव इंग्रजी अमदानीतला, सिंचनासाठी मातीची पाळ घालून केलेला. तो 1923 चा. याच तालुक्यातला बोदलकसा 1917 चा. पण या दोन्ही सरकारी तलावांच्या कितीतरी आधीपासून इथे तलाव बांधण्याची परंपरा होती. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला गावाचे हक्क आणि तलाव बांधणाऱ्याला त्याखाली भिजणारी जमीन मिळे, असे परंपरा सांगते. या कामात कोहळी समाजाचा हातखंडा. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे. पुढे इंग्रजांनी गावप्रमुखांना मालगुजार म्हणून मालकी दिली आणि तलाव त्यांच्याकडे गेले. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांचे 'मामा' होऊन मामा तलाव हे नाव रूढ झाले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव मोजले गेले आहेत.

अशा तलावाची रचना विद्यार्थ्यांकडून फळ्यावर काढून घेण्याजोगी आहे. वरच्या अंगाला जंगल, तिथून ओघळत येणारे पाणी. दोन टेकड्यांमध्ये मातीची पाळ. पाळीत पाणी सोडायचे तुडुम. एका टोकाला, पाळीच्या माथ्यापेक्षा थोडा खाली, जादा पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा. इकडे त्याला सलंग म्हणतात. पाळीखाली धानाची शेते. आणि गाव? ते उंच, मुरमाड जागा पाहून एका बगलेला. धानाची ओलीची जमीन घरांवर खर्च करायची नाही आणि सलंगाच्या वाटेत तर कोणीच बसायचे नाही, हे दोन नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण गावांची ठेवण पाहिली की ते वाचता येतात.

राहिला प्रश्न पाण्याच्या काठाचा. तिथे घर नाही, याचे मुख्य कारण असे की तिथे काठच नाही. कसे ते एका साध्या गणिताने पाहा. आपले तलाव उथळ. तळाचा उतार शंभरास एक धरा, म्हणजे शंभर मीटर चालल्यावर तळ एक मीटर खाली जातो. पावसाळ्यानंतर शेतीला सोडलेले पाणी आणि बाष्पीभवन मिळून पातळी दोन मीटर उतरली, असे समजू. (विदर्भाच्या उन्हात वर्षभरात नुसत्या बाष्पीभवनानेच दीड-दोन मीटर पाणी उडते.) पातळी दोन मीटर उतरली की पाणी दोनशे मीटर मागे हटते. म्हणजे भाद्रपदात पाण्याला लागून असलेल्या घरापुढे वैशाखात दोनशे मीटर चिखल, भेगाळलेली माती आणि गवत. नकाशावर तलावाची कड एका रेघेने दाखवलेली असते. प्रत्यक्षात तो शे-दोनशे मीटर रुंदीचा, दर आठवड्याला सरकणारा पट्टा असतो.

हा पट्टा रिकामा मात्र कधीच नव्हता. पाणी मागे हटेल तसतशी गाळपेर होई. गुरे पाण्यावर येत. ढिवर आपली जाळी आणि डोंगे तिथेच ठेवीत. सारस पक्षी अशा उथळ पाण्यात आणि लगतच्या धानाच्या बांध्यांत चरतात, आणि महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या याच मुलखात. काठ ही काम करण्याची जागा होती आणि तिच्यावर अनेकांचे थोडे-थोडे हक्क होते. घराची जागा आबादीत, आणि आबादीतली जागा ही बाजारात विकत घेण्याची वस्तूच नव्हती. मध्य प्रांताच्या 1917 च्या जमीन महसूल कायद्याने गावात शेती करणाऱ्याला आणि गावच्या कारागिराला घरापुरती जागा भाड्याशिवाय मिळण्याचा हक्क मान्य केला होता. पाणी दिसते म्हणून जास्त भाव द्यायचा, ही कल्पना त्या व्यवस्थेत कुठे बसवणार?

तेव्हा पाण्याकाठी घर विकायचे तर आधी दोन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात. पहिली, पाण्याची सरकती कड एका जागी थांबवायची. दुसरी, जमिनीपासून चार मजले वर, हवेत असलेल्या खोल्यांची मालकी निर्माण करायची. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी मोठ्या प्रमाणावर घडल्या त्या मुंबईत. म्हणून आता आपण चोरखमाऱ्याहून मुंबईच्या समुद्राकडे जाऊ.

आज ज्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात तो किनारा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणाला हवासा वाटत नव्हता. समुद्र चर्चगेटजवळच्या लोहमार्गाच्या अगदी बाजूला येई. ओहोटीला उघडी पडणारी चिखलवट, सोनापूरची स्मशाने, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तर हा किनारा उघड्यावर शौचाला जाण्याची जागा होता. त्यातच त्या काळच्या वैद्यकाची समजूत अशी, की कुजक्या चिखलातून निघणाऱ्या दूषित हवेने ताप येतो. हिवतापाचा जंतू 1880 मध्ये आणि डासाची त्यातली भूमिका 1897 मध्ये कळली. तोवर दलदलीपासून दूर राहणे हाच शहाणपणा होता. (कारण चुकीचे असूनही सल्ला बरोबर ठरावा, अशी विज्ञानाच्या इतिहासातली ही एक गंमत. डास दलदलीतच होते.) ज्यांना परवडे ते मलबार टेकडीसारख्या उंच जागी राहत. अगदी काठावर राहत ते कोळी, कारण त्यांचे काम तिथे होते.

ही कड थांबवण्याचा पहिला प्रयत्न पैशाच्या उन्मादातून झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि आलेला पैसा कुठे गुंतवावा हे लोकांना सुचेना. तेव्हा समुद्र बुजवण्यासाठी बॅकबे भराव कंपनी निघाली. अजून पाण्याखाली असलेल्या जमिनीचे शेअर दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भावाने विकले गेले. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि 1 जुलै 1865 रोजी वायद्यांची मुदत भरली तेव्हा निम्मी पेढीबाजारपेठ बुडाली. समुद्र जागच्या जागी राहिला.

दुसरा प्रयत्न सरकारने केला. 1918 ते 1923 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत अकराशे एकरांहून अधिक जमीन समुद्रातून काढण्याची योजना हाती घेतली गेली. समुद्रात भिंत घालायची, बंदरातला गाळ उपसून नळांतून आत सोडायचा, पाणी निघून जाईल आणि जमीन राहील, अशी कल्पना. पण भिंत दगडांच्या ढिगाची होती आणि तिच्या फटींतून बारीक चिकणमाती पाण्याबरोबर परत समुद्रात जाऊ लागली. गढूळ पाण्यातले बारीक कण तळाला बसायला किती वेळ घेतात, हे वर्गात काचेच्या बरणीत माती ढवळून दाखवता येते. तेच इथे कोट्यवधी रुपयांच्या खर्चाने सिद्ध झाले. खर्च वाढत गेला. खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण वकिलाने कायदेमंडळात आणि वर्तमानपत्रांत योजनेचे वाभाडे काढले. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. त्यातून नरिमन निर्दोष सुटले. योजना आखडती घ्यावी लागली आणि हाती आलेली जमीन ठरवलेल्याच्या निम्म्याहूनही कमी भरली. पुढे स्वातंत्र्यानंतर याच किनाऱ्यावर आणखी भराव पडला आणि त्या नव्या टोकाला जे नाव मिळाले ते नरिमन पॉइंट! समुद्र बुजवण्यातला घोटाळा बाहेर काढणाऱ्याचे नाव समुद्र बुजवून केलेल्या जमिनीला.

पण जी थोडी जमीन हाती आली तिच्यामुळे एक नवीन गोष्ट घडली. समुद्राला पहिल्यांदाच सलग, पक्की, न हलणारी कड मिळाली. भरती असो वा ओहोटी, रेघ तीच. त्या रेघेला लागून रस्ता, रस्त्यापलीकडे 1930 आणि 40 च्या दशकांत उभ्या राहिलेल्या साधारण एकाच उंचीच्या इमारती, गोलसर कोपऱ्यांच्या गॅलऱ्या. चिखल दिसेनासा झाला आणि पाणी दिसू लागले. ज्या दिशेला लोक पाठ फिरवीत तिकडे आता दिवाणखान्याची तोंडे झाली. 2018 मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा ठरवले, त्यात या ओळीतल्या इमारती आहेत.

समुद्रावरचा वारा हेही एक आकर्षण होते, आणि त्यामागचे विज्ञान खरे आहे. एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्शात एक किलो कोरडी माती तेवढीच तापते. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून थंड वारा येतो. पण त्याच वाऱ्यात मिठाचे कण असतात. काँक्रीट अल्कधर्मी असते, त्यामुळे आतल्या सळईवर ऑक्साइडचा पातळ थर बसून ती गंजण्यापासून वाचते. मिठातले क्लोराइड आयन काँक्रीटच्या छिद्रांतून आत गेले की हा थर जागोजागी तुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जास्त जागा व्यापतो, त्या दाबाने काँक्रीट फुटते आणि ढलपे पडतात. समुद्रासमोरच्या इमारतींना सतत डागडुजी लागते ती यामुळे. आणि पावसाळ्यातल्या लाटांनी भिंत खचू नये म्हणून 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून तिच्यापुढे टेट्रापॉड रचावे लागले. चार पायांचे हे काँक्रीटचे ठोकळे 1950 मध्ये फ्रान्समध्ये निघाले. एकमेकांत अडकून ते लाटेचा जोर मोडतात. म्हणजे काठ एकदा थांबवला आणि काम संपले, असे होत नाही. तो दर पावसाळ्यात थांबवत राहावा लागतो, आणि त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो.

आता दुसरी गोष्ट, हवेतल्या मालकीची. मरीन ड्राइव्हच्या त्या इमारतींत सुरुवातीला घरे विकत मिळत नव्हती. ती भाड्याची होती. इमारत एका मालकाची, बाकी सारे भाडेकरू. स्वतंत्र संडास-मोरी असलेला फ्लॅट ही दादर-माटुंग्याच्या मध्यमवर्गालाही त्याच सुमारास परिचयाची झालेली वस्तू, आणि तीही भाड्याचीच. अपवाद सहकाराचा. गावदेवीत 1915 मध्ये सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था काढली. तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे परिश्रम होते. पण मोठा बदल झाला तो 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर. त्याने भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण भाड्यासाठी इमारत बांधण्यात कोणाला रस उरला नाही. बांधणारे 'ओनरशिप' तत्त्वावर फ्लॅट विकू लागले. पैसे घ्यायचे, करार धड करायचा नाही, जमीन संस्थेच्या नावावर करायची नाही, असे प्रकार इतके वाढले की 1963 मध्ये महाराष्ट्राला मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा करावा लागला. खरेदीदाराला नकाशे दाखवणे, नोंदणीकृत करार, संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण या गोष्टी त्याने सक्तीच्या केल्या. 2016 च्या 'रेरा' कायद्याने त्यात प्रकल्पाच्या नोंदणीची भर घातली.

एवढा इतिहास पाहिल्यावर मी विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत आलो. जास्तीचे पैसे कशाचे? देखाव्याचे म्हणावे, तर देखावा कराराच्या कागदात नाही आणि असूही शकत नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार खिडकीतून येणाऱ्या प्रकाशाचा आणि हवेचा हक्क वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने मिळू शकतो. देखाव्याचा असा हक्क मिळत नाही. पुढच्या मोकळ्या भूखंडावर उद्या नियमात बसणारी वीस मजली इमारत उठली तर तलाव दिसणे बंद, आणि तक्रारीला जागा नाही. काठाचे म्हणावे, तर काठ बिल्डरचा नाही. तलाव सरकारचा किंवा महापालिकेचा, पाळ त्यांची, सांडवा त्यांचा. ज्या दोन गोष्टींसाठी भाव वाढला आहे, त्या दोन्ही विकणाऱ्याच्या मालकीच्या नाहीत.

विकणारा काठ सांभाळत नसेल, तर काय होते? 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी हा एकोणिसाव्या शतकात शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाढवलेला जुना तलाव. त्याच्या परिसरातल्या वस्त्या शहरातल्या चांगल्या, महागड्या वस्त्यांत मोडतात. तलाव भरून सांडव्यावरून वाहिला, खालचे नाग नदीचे आवळलेले पात्र ते पाणी पोटात घेऊ शकले नाही आणि ते वस्त्यांमध्ये घुसले. तळमजले बुडाले, मोटारी तरंगल्या, लोकांना नावांतून काढावे लागले, काहींचा जीव गेला. पाळ फुटली नव्हती. सांडवा आपले काम करीत होता. फक्त त्याच्या वाटेवर शहर येऊन बसले होते.

नदीकाठासाठी पाटबंधारे खाते दोन पूररेषा आखते. पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. "शंभर वर्षांतून एकदा" हे शब्द ऐकून लोक निर्धास्त होतात. गणिताच्या शिक्षकांनी इथे मदत करावी. घराचे कर्ज वीस वर्षांचे धरा. दर वर्षी पूर न येण्याची शक्यता 0.99, वीस वर्षांत एकदाही न येण्याची 0.99 चा विसावा घात, म्हणजे सुमारे 0.82. तेव्हा हप्ते फिटायच्या आत लाल रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 18 टक्के. निळ्या रेषेसाठी हाच हिशेब 0.96 घेऊन केला तर उत्तर 56 टक्क्यांच्या आसपास येते. आणि हेही जुन्या पावसावरून आखलेल्या रेषा आजही बरोबर आहेत असे मानून.

हे सारे मी त्याला समजावून सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे घेऊ नको?" मी तसे म्हटले नव्हते. पाण्याजवळ राहावेसे वाटणे ही काही चूक नाही. आमच्या गावांनीही तेच केले आहे, अंतर राखून. मी त्याला चार गोष्टी विचारायला सांगितल्या. इमारत पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे? समोरच्या मोकळ्या जागेवर विकास आराखड्यात काय दाखवले आहे? पाळीची देखभाल कोणाकडे आहे? आणि सलंगाचे पाणी कुठून जाते?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे चोरखमाऱ्याच्या पाळीवर गेलो. गुरे घेऊन एक म्हातारेबाबा बसले होते. माझ्या विद्यार्थ्याने सहज विचारले, "बाबा, तलाव भरला का पाणी कोणीकडून जाते जी?" त्यांनी काठी उचलली आणि खालच्या नाल्याची सगळी वाट, वळणांसकट, पार झाडीत दिसेनाशी होईपर्यंत हवेत काढून दाखवली. त्या वाटेवर एकही घर नव्हते. मग त्याने पत्रकावरच्या नंबरावर फोन लावला आणि विक्री कार्यालयातल्या बाईंना तोच प्रश्न विचारला. त्यांनी थांबायला सांगितले. बराच वेळ फोनमधून गाणे वाजत राहिले.